पूर कोणाच्या वावरात जाणार?

मृग लागला की आमच्या वणी-चंद्रपूरच्या पट्ट्यात दोन प्रकारची माणसे आभाळाकडे पाहतात. पहिला शेतकरी. तो म्हणतो, "ये रे बाबा, लवकर ये." दुसरा खाणकामगार. तो म्हणतो, "ये, पण बेताने ये." पुष्कळदा ही दोन्ही माणसे एकाच घरात राहतात. थोरला भाऊ कपाशी-सोयाबीन पाहतो आणि धाकटा डबा घेऊन खाणीच्या पाळीला जातो. रात्री धो धो पाऊस लागला म्हणजे त्या घरची माय दोन्हीकडच्या काळजीने जागी असते.

मी कृषी खात्याचा माणूस. बियाणे, खत, कीड, वाफसा हे माझे विषय. कोळशाच्या खाणीशी माझा काय संबंध, असे कोणी विचारील. माझ्या एका स्नेह्याने तर तोंडावरच विचारले. त्याला मी म्हटले, "अरे, खाण सुरू होते ती वावराची माती उचलून. खाणीचा बांध फुटला तर पाणी जाते वावरात, आणि खाणीचा बांध टिकला तरी पाणी जाते वावरातच. मग हा विषय माझा कसा नाही?"

वर्धा नदी सातपुड्यातून, मुलताईच्या बाजूने येते. पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगरातून, बुलढाण्याकडून येते. घुग्गुसच्या जवळपास दोघींची भेट होते. पुढे चंद्रपूरची इरई येऊन मिळते. या नद्यांच्या काठी आपली काळी कसदार जमीन, आणि त्याच जमिनीखाली कोळशाचा थर. देवाने एकाच जागी दोन धने ठेवली आणि त्यांच्या उशाशी नदी ठेवली. सगळा पेच तिथून सुरू होतो.

खुली खाण ज्यांनी आतून पाहिली नाही अशा वाचकांसाठी थोडे सांगतो. आधी वरची काळी माती काढतात. मग खालचा मुरूम, चिकणमाती, वाळूचा दगड काढतात. याला खाणीत 'ओबी' म्हणतात. त्याचे डोंगराएवढे ढीग बाजूला रचतात. मग कोळसा लागतो. असे करीत करीत जमिनीला पायऱ्या-पायऱ्यांचा प्रचंड खड्डा पडतो. वाटेत एखादा नाला आला तर त्याला वळवून दुसरीकडून नेतात. नदीच्या बाजूला मातीचा उंच तटबंध घालतात, की पुराचे पाणी खड्ड्यात उतरू नये. खड्ड्याच्या तळाशी पाणी साठायला हौद ठेवतात आणि पंपाने ते पाणी वर फेकतात.

आता आपला हिशेब करू. एका एकरावर १०० मिलिमीटर, म्हणजे चार इंच पाऊस पडला तर ४ लाख लिटर पाणी होते. १० हजार लिटरचे ४० टँकर झाले. आपल्या वावरातले पाणी काही मुरते, काही वाहून नाल्याला लागते. खाणीच्या खड्ड्याला उतार बाहेर नाही, आत आहे. समजा, खड्डा २०० हेक्टरचा आहे. त्यात एका रात्री १०० मिलिमीटर पडला तर २० कोटी लिटर पाणी झाले. तासाला ५ लाख लिटर फेकणारा दांडगा पंप लावला तरी ते उपसायला ४०० तास लागतील. म्हणजे एक पंप रात्रंदिवस चालला तर जवळजवळ १७ दिवस. तेही वीज राहिली तर, आणि मधे आणखी पाऊस आला नाही तर. शिवाय ढिगांच्या उतारावरून येणारे पाणी मी यात धरलेलेच नाही.

हे झाले आभाळाचे पाणी. त्याने काम थांबते, यंत्रे अडकतात, पण माणसाला वर यायला बहुधा वेळ मिळतो. नदीचे पाणी मात्र वेळ देत नाही.

सप्टेंबर १९९५ मध्ये धनबादच्या कोळसा पट्ट्यात गजलीटांड नावाच्या खाणीत काय झाले ते जुन्या कामगारांना आजही आठवते. ती जमिनीखालची खाण होती. अतिवृष्टी झाली, शेजारच्या कतरी नदीला पूर आला आणि ते पाणी काठ फोडून खाणीत शिरले. ६४ कामगार आत राहिले. त्याच्या २० वर्षे आधी, २७ डिसेंबर १९७५ रोजी, त्याच भागातल्या चासनाला खाणीत पावणेचारशेच्या आसपास माणसे बुडाली. तिथे तर पावसाळाही नव्हता. जुन्या, सोडून दिलेल्या खाणकामात साठलेले पाणी मधला आडोसा फोडून आले. म्हणजे खाणीला तीन पाण्यांची भीती असते: आभाळाचे, नदीचे आणि जुन्या खड्ड्यात तुंबलेले.

परदेशातही हेच आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड नावाचे राज्य आहे. तिथल्या एमराल्ड गावाच्या भागात आपल्यासारखीच कपाशी होते आणि कोळसाही निघतो. जानेवारी २००८ मध्ये नोगोआ नदीचा पूर तिथल्या एका मोठ्या खुल्या खाणीत शिरला आणि माती उपसणारे इमारतीएवढे यंत्र पाण्यात बुडाले. पुढे ते पाणी बाहेर काढायची वेळ आली तेव्हा नवा प्रश्न उभा राहिला. खाणीत बसलेले पाणी खारवट झाले होते. ते नदीत सोडल्यावर खालच्या वस्त्यांनी पिण्याच्या पाण्याबद्दल तक्रारी केल्या. दोनच वर्षांनी, २०१०-११ च्या पावसाळ्यात, त्या राज्यातल्या बहुतेक कोळसा खाणींचे काम पुराने कमी-अधिक बंद पडले. पैसा, यंत्रे, शिकलेली माणसे, कशालाच तिथे तोटा नव्हता. तोटा होता अंदाजाचा. एवढे पाणी येईल असे मापात धरलेले नव्हते.

आता हा अंदाज करतात कसा, ते पाहू. आपल्याकडे कोळसा खाणींच्या नियमावलीत एक चांगला नियम आहे. खाणीत शिरायचे कोणतेही तोंड त्या जागच्या सर्वोच्च पूरपातळीपेक्षा निदान १.५ मीटर उंच असले पाहिजे. नियम सोपा आहे. प्रश्न एवढाच, की सर्वोच्च पूरपातळी कोणती? कोणत्या वर्षापर्यंतची? कोणी मोजलेली?

पाटबंधारे खाते नदीकाठी दोन रेषा धरते. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा म्हणजे सरासरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 'शंभर वर्षांचा पूर' हे शब्द ऐकले की आपल्या लोकांना वाटते, एकदा येऊन गेला, आता नातवंडांच्या काळापर्यंत चिंता नाही. तसे नसते. त्याचा अर्थ असा, की कोणत्याही एका वर्षी असा पूर येण्याचा संभव शंभरात एक आहे. गेल्या वर्षी आला म्हणून यंदा तो सुट्टी घेत नाही.

खाण ३० वर्षे चालणार असेल तर त्या ३० वर्षांत लाल रेषेचा पूर एकदा तरी येण्याचा संभव शंभरात २६ निघतो. निळ्या रेषेचा पूर येण्याचा संभव शंभरात ७० निघतो. चार बैलांपैकी एक मारका आहे असे ठाऊक असताना कोणी डोळे मिटून गोठ्यात शिरत नाही. आणि समजा, हवामान असे पालटले की जो पूर शंभर वर्षांचा म्हणून धरला होता तो पन्नास वर्षांचा झाला. मग ३० वर्षांतला संभव २६ वरून ४५ वर जातो. बांध तोच, नदी तीच, कागदावरचा आकडाही तोच. धोका मात्र पावणेदोन पट झाला.

हवामान पालटते आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. तुम्ही ते वावरात पाहता. पूर्वी झड लागत असे. दोन-दोन दिवस रिपरिप, जमीन पिऊन घ्यायची. आता पंधरा दिवस कोरडे जातात आणि मग एका रात्रीत महिन्याचा पाऊस कोसळतो. वर्षाचा एकूण आकडा पाहावा तर फारसा फरक नाही. तलाठ्याच्या दप्तरात पाऊस सरासरीइतकाच. पण पिकाला सरासरी समजत नाही आणि बांधालाही समजत नाही. बांध फुटतो तो त्या एका रात्रीच्या पाण्याने.

याला शास्त्राचा आधार आहे. हवा एका अंशाने तापली की तिची वाफ धरून ठेवण्याची ताकद सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. ओले धोतर मोठे असले तर पिळल्यावर पाणीही जास्त निघते, तसेच हे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी इतरांबरोबर केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, असे त्यात दिसले. आपला विदर्भ त्याच पट्ट्यात येतो. म्हणून ३०-४० वर्षांपूर्वीच्या पावसाच्या वहीवरून पुढच्या ३० वर्षांचा बांध बांधणे म्हणजे लेकराच्या पाचव्या वर्षीच्या मापाने लग्नाचा कोट शिवण्यासारखे आहे.

आमच्याकडे २०१३ चा पूर झाला. लोक म्हणाले, असा पूर पाहिला नाही. मग जुलै २०२२ आला. वणी तालुक्यातल्या आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या नदीकाठच्या कितीतरी गावांना पाण्याने वेढा घातला. नुकत्याच पेरलेल्या, हातभर झालेल्या पिकांवर गढूळ पाणी चढले आणि उतरायचे नाव घेईना. मी त्या दिवसांत पंचनाम्यांसाठी गावोगाव हिंडत होतो. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी कुजून काळ्या पडलेल्या. कपाशीची झाडे उभी, पण माना टाकलेली. ठिकठिकाणी मला एकच वाक्य ऐकू आले: "साहेब, पाणी तं पहिलेही येत होतं. पण थे एका दिवसात उतरे. आता उतरतच नाही."

हे वाक्य मला महत्त्वाचे वाटते. पूर किती उंच आला यापेक्षा तो किती वेळ बसला यावर आपले पीक जगते की मरते. आणि पाणी का बसते हे पाहायला एका खाणीच्या नकाशाने भागत नाही. सगळे खोरे पाहावे लागते.

तुम्ही ओलिताला पाणी सोडता. चारीच्या एका काठावर कोणी ढेकळांचा ढीग टाकला तर पाणी थोडे फुगते आणि पुढे जाते. पण दोन्ही काठांवर दहा ठिकाणी दहा जणांनी ढीग टाकले तर? प्रत्येक जण म्हणेल, माझ्या ढिगाने काय होते, चार बोटे पाणी वाढेल. त्या चार-चार बोटांची बेरीज कोणी करीत नाही आणि चारी मागच्या बाजूला फुटते. नदीकाठी तेच होते. एका खाणीचा अहवाल आपल्या तटबंधापुरता बरोबर असतो. दुसऱ्या खाणीचा आपल्या ढिगापुरता बरोबर असतो. वर अप्पर वर्धा, निम्न वर्धा, बेंबळा ही धरणे आहेत. पैनगंगेवर इसापूर आहे. इरईवर चंद्रपूरच्या वीजकेंद्राचे धरण आहे. मोठ्या पावसात त्यांचे दरवाजे जवळजवळ एकाच वेळी उघडावे लागतात. वर्धा फुगली की तिला मिळणाऱ्या नद्या-नाल्यांचे पाणी पुढे सरकत नाही, उलटे मागे चढते. याला आपण 'दाब' म्हणतो. खाणीत पाणी शिरेल की गावात शिरेल हे त्या दाबावर ठरते. म्हणून पुराचा धोका एकेका खाणीचा मोजून चालत नाही. सगळ्या प्रदेशाचा एकत्र मोजला पाहिजे: सगळी धरणे, सगळे ढीग, सगळे वळवलेले नाले, सगळी गावे एका नकाशावर घेऊन.

हे सगळे मला अधिक नीट समजले ते एका गावात. गावाचे नाव सांगत नाही, खाणीचेही नाही. गाव नाल्याच्या अलीकडे, खाण पलीकडे. खाणीला वाढायचे होते. त्यासाठी नाला गावाच्या बाजूला सरकवायचा आणि खाणीच्या बाजूने उंच तटबंध घालायचा असा बेत होता. जनसुनावणीची तारीख लागली. गावात दोन तट पडले. ज्यांच्या घरी खाणीची नोकरी ते म्हणाले, काम वाढले पाहिजे. ज्यांची वावरे नाल्याकाठी ते म्हणाले, एक फूट जमीन देणार नाही. मला बोलावले ते जमिनीच्या प्रतीबद्दल दोन शब्द सांगायला.

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बैठक भरली. खूप आवाज झाला. मग मागे बसलेल्या एक मावशी उठल्या. त्यांचे यजमान वारलेले. नाला नदीला मिळतो त्या तोंडाशी त्यांचे ३ एकर वावर. एकुलता एक मुलगा त्याच खाणीत ठेकेदाराकडे पंपावर. त्या म्हणाल्या, "साहेब, बांध उंच केला तं पुराचं पाणी इकडं वळते, माह्यं वावर जाते. बांध बुटका ठेवला तं पाणी खड्ड्यात उतरते, अन् खड्ड्यात खाली माह्या पोरगा रायते. मंग मी काय मागू?"

ओट्यावर एकदम शांतता झाली. भांडणाऱ्या दोन्ही तटांना त्या बाईने एका घरात आणून बसवले होते.

मी त्यांना म्हटले, "मावशी, तुम्ही बांधाची उंची मागूच नका. तुम्ही पाण्याला वाट मागा." आणि मग आम्ही बसून एक-एक मुद्दा लिहून काढला. वळवलेला नाला जुन्या नाल्याइतकाच रुंद असून चालणार नाही, आजच्या पावसाच्या मानाने रुंद पाहिजे. ओबीचे ढीग काठापासून मागे सरले पाहिजेत, की पुराला पसरायला जागा राहील. तटबंध घातल्यावर समोरच्या काठावर, म्हणजे गावाच्या बाजूला, पाणी किती चढेल आणि किती तास बसेल, हे खाणीने आकड्यात सांगितले पाहिजे. आणि नदीला अमुक पातळी आली की खड्ड्यातली सगळी माणसे वर काढायची, हे आधी ठरलेले पाहिजे. ते कामगाराला पाठ पाहिजे आणि गावालाही ठाऊक पाहिजे.

राहिला पूरपातळीचा प्रश्न. अहवालात एक आकडा दिलेला होता. तो २०२२ च्या आधीच्या नोंदींवरून काढलेला होता. गावातल्या म्हाताऱ्यांनी आमची वरात काढली. मारुतीच्या देवळाची पायरी, शाळेच्या भिंतीवरचा गाळाचा पट्टा, एका घराच्या चौकटीवर चुन्याने ओढलेली रेघ. प्रत्येक खुणेला वर्ष होते. २०१३ ची खूण इथे, २०२२ ची तिथे. एका आजोबांनी विळ्याने कडुलिंबाच्या खोडावर खाच पाडून ठेवली होती. ते म्हणाले, "कागद पुरात भिजते. झाड उभं रायते."

जनसुनावणीत हे सगळे लेखी दिले. पुढे खाणीचे एक सर्वेअर लेव्हलचे यंत्र घेऊन गावात आले. सज्जन माणूस. त्यांनी प्रत्येक खूण मोजली. २०२२ ची खूण अहवालातल्या पातळीपेक्षा जवळजवळ दोन हात वर निघाली. ते यंत्राशी वाकून तसेच थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "आमची पोरं खाली असतात. हे आधी कळायला हवं होतं." बांधाचा आराखडा फेरतपासणीला गेला. नाल्याच्या रुंदीचा निकाल अजून लागलेला नाही. खड्डा रिकामा करण्याची पातळी मात्र ठरली आणि पंपघराजवळ लाल रंगात रंगवली गेली. पुढच्या पावसाळ्यात दोनदा भोंगा झाला आणि दोन्ही वेळा सगळी पाळी वर आली. पाणी आत शिरले नाही. पण त्या दोन रात्री मावशींना मुलाचा फोन लागला आणि त्या झोपल्या, हे मला त्यांच्याच तोंडून कळले. वावराचे म्हणाल तर ते अजून नाल्याच्या तोंडाशीच आहे आणि त्याचा घोर संपलेला नाही.

वाचकहो, तुमच्या गावाजवळ खाण नसेलही. कुठे धरण असेल, कुठे मोठा रस्ता, कुठे वीटभट्ट्या, कुठे वाळूचा घाट. पाण्याची वाट अडवणारे काही ना काही असतेच. म्हणून सगळ्यांनाच उपयोगी पडतील अशा काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, पुराच्या खुणा जपा. पाणी उतरताच दुसऱ्या दिवशी पक्क्या भिंतीवर ऑईलपेंटने रेघ ओढा आणि तारीख लिहा. पाणी किती वाजता चढले आणि कधी उतरले तेही वहीत लिहा. ही नोंद ग्रामसभेत वाचून इतिवृत्तात घ्या. पुढे कोणी तुमच्या गावाचा आकडा ठरवायला बसला तर ही वही त्याच्यापुढे ठेवता येईल.

दुसरी गोष्ट, शाळेत पर्जन्यमापक ठेवा. मुलांना रोज सकाळी साडेआठला माप घ्यायला लावा. महसूल मंडळातला पाऊस आणि तुमच्या शिवारातला पाऊस यांत फार फरक पडतो. दिवसाला ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस गेला की अतिवृष्टी धरतात, हे मुलांनाही ठाऊक असू द्या.

तिसरी गोष्ट, जनसुनावणी असेल तेव्हा अहवाल मागून घ्या. त्याचा सारांश मराठीत मिळतो. त्यात चार गोष्टी शोधा: सर्वोच्च पूरपातळी कोणत्या सालापर्यंतची धरली, पाऊस कोणत्या सालांचा धरला, शेजारच्या खाणींचे ढीग हिशेबात घेतले की नाही, आणि समोरच्या काठाचे काय होईल. या चार प्रश्नांची उत्तरे लेखी मागा. ओरडून विचारलेला प्रश्न हवेत जातो. लिहून दिलेला प्रश्न फाइलीत राहतो.

चौथी गोष्ट, बंद पडलेल्या खाणीचा पाण्याने भरलेला खड्डा जवळ असेल तर तो तळे समजू नका. त्याची काठाची माती ढासळते. लेकरे, गुरे तिकडे जाऊ देऊ नका. त्यातले पाणी ओलिताला वापरायचे असेल तर आधी तपासून घ्या. आणि त्या खड्ड्याशेजारी नवे खाणकाम निघत असेल तर दोन्हींच्या मधल्या आडोशाबद्दल जरूर विचारा. चासनाला विसरू नका.

पाचवी गोष्ट शेतीची. पुराबरोबर ढिगाची माती वावरात आली तर घाईने नांगर घालू नका. पंचनामा होऊ द्या. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण काम तेच आहे. त्याच्याकडून गाळाची जाडी लिहून घ्या. तीन इंचांपेक्षा जास्त गाळ साचला असेल तर तो काढण्यासाठी मदतीची तरतूद आहे, आणि पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असेल तर त्याचीही. गाळ पातळ असेल तर वाफसा आल्यावर शेणखताबरोबर मातीत मिसळा आणि पुढच्या हंगामाआधी मातीपरीक्षण करून घ्या. ही माती जमिनीच्या खोल पोटातली असते. तिच्यात जीव नसतो. तो आपल्याला घालावा लागतो. नाल्याच्या तोंडच्या वावरात दरवर्षी सोयाबीनचा जुगार खेळण्यापेक्षा पाणी उतरल्यावर थंडीत हरभरा किंवा ज्वारी घेता येईल का, याचाही विचार करा.

शेवटी एक सांगतो. कोळसा लागणार आहे, निदान अजून काही वर्षे तरी, आणि आपल्या पोरांना कामही लागणार आहे. खाण बुडाली तर कोणाचे भले होत नाही. खड्ड्यात आपलाच मुलगा असतो. गाव बुडाले तर खाणीचेही भले होत नाही. कामावर येणारी माणसे त्याच गावातून येतात. नदीला बांधाच्या अलीकडचे आणि पलीकडचे असे दोन पक्ष माहीत नाहीत. तिला उतार तेवढा माहीत आहे. तिचे पाणी किती आणि ते कुठून जाणार, हे काठावरच्या सगळ्यांनी मिळून, आजच्या पावसाचे माप हातात घेऊन ठरवले पाहिजे. हे काम उन्हाळ्यातले आहे. भोंगा झाल्यावर बैठक भरवून उपयोग नाही.